संगणकाला ताप येतो तेव्हा
(द्वितीय वर्ष, कला)

गतवर्षी, मी प्रथम वर्षास असताना, डिसेंबर महिन्यात घडलेली गोष्ट. शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाची मुदत संपत आली होती आणि आम्ही सातआठजण ग्रंथालयातील संगणकांपुढे पाळीची वाट पाहत उभे होतो. माझी पाळी आली. नाव, उत्पन्न, बँकेचे खाते असे सर्व रकाने भरून झाले, दाखल्यांची छायाचित्रे जोडू लागलो, आणि पडदा एकाएकी काळा झाला. वीज गेली म्हणावे तर डोक्यावरचा पंखा फिरत होता. पुन्हा सुरू केला, पुन्हा पहिल्यापासून भरले. पुन्हा तेथेच येऊन बंद. असे तीन वेळा झाले.

"तासभर चालला की तो दमतो रे. अर्धा तास विसावा दे, मग चालंल," ग्रंथालयातील शिपाई मामा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. संगणक का कधी दमतो? परंतु आज कबूल करावयास हवे की, त्या दिवशी त्या खोलीत रोगाचे अचूक निदान करणारे मामा हे एकटेच होते.

मी रात्री तालुक्याच्या गावी जाऊन, पैसे मोजून अर्ज भरला. माझ्या एका वर्गमित्राला ते जमले नाही. त्याच्या गावाला जाणारी शेवटची एस.टी. साडेसहाला सुटते. त्याचा अर्ज राहिला तो राहिलाच, आणि त्या वर्षाची फी त्याच्या वडिलांना उसनवारी करून भरावी लागली. यंत्राच्या पोटातील धूळ माणसाला केवढ्याला पडते हे मला तेव्हा समजले. म्हणूनच, विषय विज्ञान शाखेचा वाटला तरी, तो आपल्या अंकात मांडण्याचे धाडस करीत आहे.

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात काम धरले. पहिले पंधरा दिवस नुसती धूळ झाडली. पण धूळ झाडता झाडता जे शिकलो, ते या लेखात सांगणार आहे. आणि ते करताना जी चूक केली, तीही सांगणार आहे.

ही उष्णता येते कोठून?

संगणकाच्या पेटीत मुख्य पाटीवर प्रोसेसर नावाचा एक लहानसा चौकोन बसविलेला असतो. सारी आकडेमोड तो करतो. त्याच्या पोटात ट्रान्झिस्टर नावाचे सूक्ष्म खटके असतात आणि हल्लीच्या प्रोसेसरात त्यांची संख्या अब्जांत मोजावी लागते. प्रत्येक खटका उघडताना आणि मिटताना थोडीशी वीज खर्ची पडते.

आता विहिरीवरचा पंप घ्या. तोही वीज खातो, परंतु त्या मोबदल्यात पाणी वर चढवितो. प्रोसेसर काही उचलीत नाही, काही हलवीत नाही. तेव्हा त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेरीस उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. आपण निबंध लिहा, अर्ज भरा की गाणी ऐका, प्रोसेसरच्या दृष्टीने सारे ऊब निर्माण करण्याचेच काम होय!

ही ऊब किती? आमच्या ग्रंथालयातील संगणकांचे प्रोसेसर पूर्ण कामात असताना सुमारे ६० वॅट वीज घेतात. साठ वॅट म्हणजे एक जुना पिवळा दिवा. त्यात एवढे काय, असे वाटेल. मलाही वाटले होते. म्हणून मी घरची इस्त्री आलेखकागदावर ठेवून तिच्या तळाची आकृती काढली. क्षेत्रफळ भरले सुमारे १५० चौरस सेंटिमीटर, आणि इस्त्री ७५० वॅटची. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. प्रोसेसरच्या वरचे धातूचे झाकण साधारण ३ सेंटिमीटर लांब व तेवढेच रुंद, म्हणजे ९ चौरस सेंटिमीटर. त्यातून ६० वॅट बाहेर पडावयाचे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेसहा वॅटांहून अधिक. तापलेल्या इस्त्रीच्या तळाहून हा चिमुकला चौकोन जागेच्या मानाने अधिक उष्णता टाकतो. फरक एवढाच की इस्त्रीने तापावे हीच आपली इच्छा असते आणि प्रोसेसरने तापू नये ही.

संगणक आणि उष्णता यांचे भांडण जुनेच आहे. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेई. त्याला थंड ठेवण्यासाठी मोठे पंखे लावावे लागले होते. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली उभा केलेला टिफ्रॅक हा संगणकही निर्वात नलिकांवरच चाले. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि १९७१ साली इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर आला. त्यात अवघे २,३०० ट्रान्झिस्टर होते; त्याला ना पंखा लागे ना धातूची पट्टी. वाटले, भांडण मिटले. परंतु जसजसे खटके वाढले आणि त्यांचा वेग वाढला, तसतशी उष्णता परतून आली. १९९० नंतरच्या दशकात घरगुती संगणकाच्या प्रोसेसरवर प्रथम धातूचा ठोकळा आणि मग त्यावर पंखा, ही रीत पडली. ती आजतागायत चालू आहे.

दोन सपाट पृष्ठभागांमधली हवा

या धातूच्या ठोकळ्याला हीटसिंक म्हणतात. तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. काहींच्या मध्यभागी तांब्याचा तुकडा बसविलेला असतो. त्याला पुष्कळ पातळ पाती असतात. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात यावी, ठोकळ्यातून पात्यांत पसरावी, आणि वरच्या पंख्याने वारा घालून ती उडवून लावावी, अशी ही योजना आहे. फुफाट्यात भाजलेले कणीस आपण फुंकर घालून निववितो, त्यातलाच हा प्रकार.

योजना सोपी आहे. अडचण एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ जेथे एकमेकांस टेकतात ती जागा. डोळ्यांना दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसतात. परंतु जात्याच्या दोन तळ्या आठवा. टाकी लावलेल्या त्या तळ्या एकमेकींवर बसलेल्या दिसतात, तरी मधे कितीतरी खाचखळगे असतात. धातूच्या पृष्ठभागावरही असेच खाचखळगे असतात, फक्त ते भिंगाखालीच दिसतात. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की ते थोड्याच ठिकाणी खरोखर टेकतात, आणि उरलेल्या सगळ्या खळग्यांत हवा कोंडून राहते.

आणि कोंडलेली हवा ही उष्णतेच्या वाटेतील मोठीच धोंड असते. आजीची गोधडी थंडीत ऊब देते ती चिंध्यांच्या जोरावर नव्हे; चिंध्यांच्या थरांत अडकलेल्या हवेच्या जोरावर. अंथरुणात जी हवा आपली मित्र, तीच प्रोसेसरवर वैरी.

ही धोंड किती मोठी, हे मोजता येते. जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेच्या वहनावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील नियम साध्या शब्दांत असा सांगता येईल: थर जितका जाड तितकी उष्णतेची वाट बिकट, क्षेत्रफळ जितके मोठे आणि पदार्थ जितका चांगला वाहक तितकी वाट सोपी. पदार्थ किती चांगला वाहक, हे सांगणारा एक आकडा असतो. तांब्याचा हा आकडा सुमारे ४००, शुद्ध ॲल्युमिनियमचा सुमारे २३७, आणि हवेचा अवघा ०.०२६!

आता समजा, प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामध्ये सर्वत्र दशांश मिलिमीटर जाडीचा हवेचा थर आहे. तर ६० वॅट उष्णता त्यातून पार जाण्यासाठी दोन्ही बाजूंच्या तापमानांत सुमारे २५५ अंशांचा फरक पडावा लागेल. म्हणजे प्रोसेसर जळूनच जावयाचा. प्रत्यक्षात काही भाग टेकलेला असल्यामुळे इतकी वाईट अवस्था होत नाही. परंतु हवा काय करू शकते याची कल्पना यावरून यावी.

या हवेला हुसकून लावण्यासाठी मधे जो लेप लावतात, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. चांगल्या पेस्टचा वाहकतेचा आकडा ४ धरला, तर तेवढ्याच जाडीच्या थरातून तेवढीच उष्णता जाण्यास २ अंशांपेक्षाही कमी फरक पुरतो. कोठे २५५ आणि कोठे २!

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेस्टचा आकडा हवेच्या तुलनेत फार मोठा, परंतु तांब्याच्या तुलनेत शंभरपट लहान आहे. म्हणून पेस्ट भरपूर लावली म्हणजे काम भरपूर होईल, ही समजूत अगदी उलटी आहे. पेस्टने खळगे तेवढे भरावयाचे असतात. जेथे धातूला धातू टेकतो तेथे तिने मधे यावयाचे नसते.

लेप वाळतो आणि पाती बुजतात

साधारण थर्मल पेस्ट म्हणजे सिलिकोन तेलात खललेली झिंक ऑक्साइडची किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड. संगणक सुरू केला की प्रोसेसर व हीटसिंक दोन्ही तापून किंचित प्रसरण पावतात. बंद केला की आकुंचन पावतात. दररोजच्या या हालचालीने मधला लेप हळूहळू कडेला ढकलला जातो, त्यातले तेल झिरपून निघते आणि मागे उरते ती कोरडी पूड. उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला भेगा पडाव्यात तशा तिला भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा हवाच येऊन बसते. हे किती वर्षांनी घडते याचा सर्वांना लागू पडेल असा नियम नाही. चांगली पेस्ट पुष्कळ वर्षे टिकते, हलकी लवकर वाळते. दिनदर्शिका पाहून नव्हे, तापमान पाहून ठरवावे, हे उत्तम.

दुसरा रोग धुळीचा. पंखा हीटसिंकवर वारा घालतो तेव्हा वाऱ्याबरोबर धूळही घालतो. आमच्या ग्रंथालयातील संगणक मी उघडले तेव्हा पंख्याखाली पात्यांवर बोटभर जाडीचा करडा नमदा बसलेला होता. त्यात खडूची भुकटी होती, कपड्यांचे तंतू होते, आणि गळीत हंगामात आमच्या गावावर पडणारी साखर कारखान्याची काजळीही होती. पंखा फिरत होता, आवाजही करीत होता, परंतु त्याचा वारा पात्यांपर्यंत पोहोचतच नव्हता. पूर्वी घरोघर कंदील होते तेव्हा दिवेलागणीपूर्वी काच पुसण्याचा नेम असे. काच काजळली की वात कितीही मोठी केली तरी उजेड पडत नसे. तसेच हे.

दोन्ही रोग एकदम जडले म्हणजे प्रोसेसर काय करतो? तो बिचारा आपला बचाव करतो. त्याच्या पोटातच तापमान मोजण्याची सोय असते. ठरावीक मर्यादा आली, आणि पुष्कळ प्रोसेसरांत ती १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, की तो आपला वेग स्वतःहून कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे धापा टाकणारा माणूस पळणे सोडून चालू लागतो तसे. एवढ्यानेही भागले नाही तर तो सरळ वीज तोडतो. आमचा अर्ज अर्ध्यावर बुडाला तो असा. कित्येकदा संगणक मंद झाला की आपण व्हायरसला दोष देतो. वास्तविक त्याला नुसता ताप आलेला असतो.

उपचाराची रीत

औषधापूर्वी ताप मोजावा. संगणक सुरू होताना बायॉसमध्ये गेल्यास प्रोसेसरचे तापमान दिसते. त्यासाठी मोफत मिळणारी साधनेही आहेत. काम नसताना किती आणि काम करताना किती, हे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवावेत. आकडे ठीक असतील तर नुसती धूळ झाडावी. विनाकारण हीटसिंक काढू नये.

साहित्य फार लागत नाही: एक पेचकस, मऊ केसांचा रंगाचा ब्रश, हवा मारण्याचा ब्लोअर, धागे न सोडणारे मऊ कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणि पेस्टची लहान नळी. चार ग्रॅमच्या एका नळीत आमचे सगळे संगणक झाले. पेस्टऐवजी काही लोक दात घासण्याची पेस्ट लावतात. ती पाण्यावर बनलेली असल्याने आरंभी बरी चालते आणि लवकरच वाळून खडू होते. त्या वाटेला जाऊ नये. तसेच द्रव धातूची म्हणून जी महागडी पेस्ट मिळते ती नवशिक्याने हाती धरू नये. ती वीजवाहक असते आणि तिच्यातले गॅलियम ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला खाऊन टाकते.

प्रथम संगणक बंद करावा, वायर भिंतीतून काढावी आणि मग सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. पेटी व्हरांड्यात न्यावी, नाकाला रुमाल बांधावा. आतल्या वायरी काढण्याआधी त्यांचे छायाचित्र घ्यावे. कोणती कोठे होती हे आपल्याला आठवेल, असा गर्व कोणी धरू नये. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थितिक वीज तेथे उतरते. एरवी आपल्याला जाणवणारही नाही अशी एखादी ठिणगी नाजूक भागाचा प्राण घेऊ शकते.

पेटीत जो स्वतंत्र पत्र्याचा डबा असतो, ज्यात भिंतीची वीज येते, त्यास एसएमपीएस म्हणतात. तो कदापि उघडू नये. २३० व्होल्टच्या विजेपासून त्याच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट साठविले जातात आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ तेथे टिकून राहू शकतात. त्याची धूळ बाहेरून जाळीतून उडवावी, तेवढे पुरे.

धूळ ब्रशने सैल करावी आणि ब्लोअरने उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ब्लोअरच्या वाऱ्याने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. तोंडाने फुंकू नये. फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात. ओले फडके तर मुळीच नको.

मग पंख्याची वायर सोडवून हीटसिंक काढावा. पुष्कळ हीटसिंकांना चार प्लास्टिकचे पाय असतात. त्यांवरील बाणाच्या दिशेने पाव फेरा दिला की ते सुटतात. पंखा वेगळा करून नुसता ठोकळा पाण्याने धुतला तरी चालतो, मात्र पूर्ण वाळल्याखेरीज तो परत बसवू नये. जुना लेप कापडावर अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसावा. नखाने अथवा सुरीने खरवडू नये. ओरखडा म्हणजे नवीन खळगा. अल्कोहोल झटकन पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ उदबत्तीसुद्धा नसावी.

दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे झाले की प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवावी आणि हीटसिंक सरळ वरून बसवावा. दाबाने ती आपोआप पसरते. पसरली की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा उचलू नये. उचलले तर हवा आत शिरलीच, आणि मग सारे पुसून पहिल्यापासून आरंभ. पाय दाबताना ट्रॅक्टरच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दाबावेत. एका बाजूचे दोन आधी दाबले तर ठोकळा तिरका बसतो आणि लेप एकीकडे सरकतो. शेवटी पंख्याची वायर आठवणीने जोडावी. झाकण उघडे ठेवूनच पहिल्यांदा वीज द्यावी, पंखा फिरतो हे डोळ्यांनी पाहावे आणि पुन्हा ताप मोजावा.

लॅपटॉपचे तत्त्व हेच, परंतु काम अधिक नाजूक. तेथे बॅटरीची जोडणी सर्वांत आधी सोडवावी लागते. प्रोसेसरवर झाकणही नसते, उघडी चिपच असते. उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून कडेच्या पंख्यापर्यंत नेलेली असते. त्या नळीत किंचित द्रव असतो. तो तापल्या टोकाला वाफ होतो, थंड टोकाला निवतो आणि परत येतो. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला आतून थेंब जमतात आणि पुन्हा भातात पडतात, तेच बंद नळीत अखंड चालते. लॅपटॉपचे स्क्रू ज्या क्रमाने आकडे घातलेले असतील त्याच क्रमाने आवळावेत. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून कधी चालवू नये; त्याच्या नाकाशीच आपण उशी धरलेली असते.

माझी चूक

जुलै महिन्यात मी ग्रंथपाल सरांना भेटलो. ग्रंथालयातील सहा संगणक २०१४ साली घेतलेले, आणि सहाही निर्लेखनाच्या यादीत लागलेले होते. लवकरच ते भंगारात जाणार होते. "सर, मी एकदा प्रयत्न करून पाहू का?" असे विचारले. सरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "आधी एकच उघड. तो चालला तर दुसरा."

पहिला संगणक उघडण्यापूर्वी काम नसताना ६८ अंश दाखवीत होता आणि वीस मिनिटे काम दिल्यावर ९७ वर जाऊन पुढे बंद पडत होता. स्वच्छता व नवा लेप झाल्यावर काम नसताना ४३ आणि पूर्ण कामात ६९. दुपारभर चालविला, बंद पडला नाही. मामांनी पेटीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "ताप उतरला की रे!" दुसराही तसाच झाला. आणि माझ्या डोक्यात वारे शिरले.

तिसऱ्या संगणकातील प्रोसेसर निराळ्या घडणीचा होता. पहिल्या दोहोंत टोचणाऱ्या तारा पाटीवरच्या खोबणीत होत्या आणि प्रोसेसर लोखंडी चौकटीने दाबून धरलेला होता. या तिसऱ्यात मात्र शेकडो बारीक पिना प्रोसेसरलाच खालून होत्या आणि वर चौकट नव्हती. जुना लेप सरसासारखा कडक झालेला होता. मी हीटसिंक सरळ वर ओढला. तो निघत नाही म्हणून जोर केला. 'कट्' असा आवाज झाला आणि हीटसिंकला चिकटलेला प्रोसेसर खोबणीतून उपटून हातात आला. सात पिना वाकल्या होत्या. लेड पेन्सिलीचे रिकामे टोक पिनेवर घालून दोन तास एकेक सरळ करीत बसलो. सहा सरळ झाल्या. सातवी तुटली. तो संगणक पुन्हा सुरू झाला नाही.

ते यंत्र माझे नव्हते. भरून द्यावयाचे म्हटले तर घरी कोणत्या तोंडाने सांगावे, हाच विचार त्या रात्री डोक्यात होता. दुसऱ्या दिवशी सरांपुढे उभा राहिलो आणि घडले ते सांगितले. सरांनी नोंदवही काढली, त्या क्रमांकापुढे "दुरुस्तीचे वेळी निकामी" असे लिहिले आणि म्हणाले, "कशाने झाले ते नीट लिहून ठेव. पुढच्याच्या उपयोगी पडेल." हा लेख म्हणजे सरांनी सांगितलेले ते लिहिणे होय.

तेव्हा पुढच्यासाठी लिहून ठेवतो. अशा संगणकाचा हीटसिंक काढण्यापूर्वी संगणक दहापंधरा मिनिटे चालवावा, म्हणजे वाळलेला लेप उबेने मऊ होतो. मग बंद करून, वायर काढून, कड्या सोडवाव्यात आणि हीटसिंक वर ओढण्याऐवजी डावीउजवीकडे हलकेच फिरवावा. लेप सुटल्याचे हाताला कळते, त्यानंतरच उचलावा. चौथा आणि सहावा संगणक त्याच घडणीचे होते. त्यांचे हीटसिंक मी असेच काढले आणि एकही पीन वाकली नाही. तिसऱ्याचा पंखा पाचव्याच्या कामी आला.

एवढ्याने काय साधते?

स्वच्छतेने जुना संगणक नवा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. हार्ड डिस्क झिजली असेल, पाटीवरचे कपॅसिटर फुगले असतील, तर पेस्ट काय करणार? शिवाय पंखा आणि हीटसिंक कितीही उत्तम असले तरी प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड ते करू शकत नाहीत. आपल्याकडे वैशाखात दोन आकडे चढतेच राहणार. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, तेव्हा आमच्या पाच संगणकांवर सरांनी लिनक्स घालून घेतले. तो प्रश्न पेस्टने सुटणारा नव्हताच.

परंतु जे भंगारात जाणार होते ते चालू लागले, हे थोडे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. आपल्या देशात या कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नियम हवेतच; पण तापलेल्या संगणकाला मेलेला समजून कचऱ्यात ढकलले नाही, तर तेवढा कचरा मुळातच कमी होतो.

यंदाच्या डिसेंबरात पुन्हा अर्जांची रांग लागली. पाचही संगणक सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालू होते. माझ्या त्या वर्गमित्राने पहिल्याच संगणकावर एका बैठकीत अर्ज भरला, पावती छापून घेतली आणि साडेसहाची एस.टी. गाठली.

शेवटी एक सूचना करून लेख संपवितो. दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतो. ग्रंथालयातील संगणकांनाही दरवर्षी हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुले ठेवतो. ती पूजा बाहेरून होते. आत मात्र वर्षानुवर्षे काजळी साचत राहते. तेव्हा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सर्व संगणक व्हरांड्यात काढून, झाकणे उघडून झाडावेत आणि तापमान वहीत लिहून ठेवावे, असा प्रघात आपल्या महाविद्यालयात पडावा. ब्रश माझ्याकडे आहे. ताप पाहण्यास मामा आहेतच.